हंगामी शेतमजुरीत बाहेरच्या मजुराला पसंती का? ऊसतोडणीचे उदाहरण

स्थलांतराचा विचार करताना आपण सामान्यतः स्थलांतर करणाऱ्याच्या बाजूने प्रश्न विचारतो. तो गाव का सोडतो? जमीन कोरडवाहू आहे, पाऊस बेभरवशाचा आहे, दसऱ्यानंतर गावात हाताला काम उरत नाही, ही उत्तरे आपल्या परिचयाची आहेत आणि ती खरीही आहेत. मात्र त्यांतून निम्माच उलगडा होतो. मजूर निघाला म्हणून त्याला काम मिळतेच असे नाही. त्याला कोणीतरी बोलवावे लागते, आणि बोलावणाऱ्याजवळ पुष्कळदा दुसराही पर्याय असतो. जवळच्या वस्तीत भूमिहीन मजुरांची घरे असताना शेकडो किलोमीटर दूरच्या गावांतून माणसे आणण्याचा खर्च आणि खटाटोप मालक का करतो? या घटकात आपण हा दुसरा प्रश्न ऊसतोडणीच्या आधारे समजून घेणार आहोत.

बारडोलीचे कोडे

दक्षिण गुजरातमधील बारडोली हे नाव १९२८ च्या शेतकरी सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या सत्याग्रहातील जमीनधारक शेतकऱ्यांच्या शेतांवर जे लोक पिढ्यान्‌पिढ्या राबत होते ते दुबळा या आदिवासी जमातीचे होते. पुढे त्यांच्यासाठी हळपती हे नाव रूढ झाले. लग्नासाठी कर्ज घ्यायचे आणि ते न फिटल्यामुळे कायमचे मालकाच्या घरी व शेतावर राबायचे, अशी 'हाळी' नावाची पद्धत तेथे होती. स्वातंत्र्यानंतर ती हळूहळू मोडली. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखानाही उभा राहिला. तोडणीसाठी हजारो हात लागणार होते आणि भूमिहीन हळपती तर गावोगाव होते.

प्रत्यक्षात तोडणीला आले ते खानदेशातील लोक. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून, तसेच डांगच्या डोंगराळ प्रदेशातून मजुरांच्या टोळ्या दरवर्षी या ऊसपट्ट्यात उतरू लागल्या. त्यांत भिल्ल व अन्य आदिवासींचा भरणा मोठा होता. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभापासून या प्रदेशाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९७८ मध्ये बारडोलीच्या तोडणी मजुरांवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यात त्यांनी नेमके या विसंगतीवर बोट ठेवले. हंगामाच्या ऐन भरात स्थानिक मजूर पुरेशा कामाविना आणि शेजारच्या फडात परप्रांतीय मजूर रात्रंदिवस राबताना दिसतात. असे का?

शेतकऱ्यांचे उत्तर तयार असे. हळपती आळशी आहेत, दारू पितात, आज येतात उद्या येत नाहीत. खानदेशी माणूस मुकाट काम करतो. हे उत्तर ऐकण्याजोगे आहे, कारण जगात जेथे जेथे हंगामी पिकांसाठी बाहेरचे मजूर आणले जातात तेथे तेथे ते जवळजवळ याच शब्दांत दिले जाते. ते टिकत मात्र नाही. हेच हळपती पावसाळा संपला की कुटुंबांसह मुंबईच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर आणि मिठागरांवर जात. तेथील काम ऊसतोडणीहून हलके नव्हते. तेथेही मुकादम होता, आगाऊ रक्कम होती, पहाटेपासून रात्रीपर्यंतचे कष्ट होते. गावात 'आळशी' ठरलेला माणूस परगावी कष्टाळू म्हणून निवडला जात होता. माणूस एकच असताना गुण बदलत असेल, तर तो गुण माणसाचा मानता येत नाही; तो माणूस ज्या परिस्थितीत काम करतो त्या परिस्थितीचा असतो. मालकाची पसंती समजून घेण्याची किल्ली येथे आहे.

कारखान्याची घाई

ही परिस्थिती कोणती, हे पाहण्यासाठी प्रथम पिकाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. ऊस तुटला की त्यातील साखरेचा ऱ्हास सुरू होतो. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा अशी कारखान्याची धडपड असते. उलट, ऊस आधी तोडून साठवता येत नाही आणि गाळपाची साखळी मध्येच तोडणेही परवडत नाही. बॉयलर थंड पडला तर इंधन, वेळ आणि पैसा तिन्ही वाया जातात. दिवसाला पाच हजार टन गाळप करणारा कारखाना घ्या. नवरा-बायकोची एक जोडी दिवसभरात साधारण दीड ते दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून भरून देते. दोन टन धरले तरी त्या कारखान्याला रोज अडीच हजार जोड्या, म्हणजे पाच हजार माणसे लागतात. तीही ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत सलग. आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की दुसऱ्या दिवसापासून त्यांतले कोणीही नको.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. स्थानिक मजूर हंगाम संपल्यावरही तेथेच राहतो. त्याचे पावसाळ्यातील चार महिने कसे जातील, मुलांच्या आजारपणाचा खर्च कोण करील, म्हातारपणी त्याला कोण पोसेल, हे प्रश्न गावातच उभे राहतात आणि कधी ना कधी गावातील सधन शेतकऱ्याच्या दारात येतात. बाहेरच्या मजुराचे हे सारे प्रश्न बाहेरच्या गावात राहतात. त्याचे बालपण, आजारपण आणि म्हातारपण बीडच्या वा नंदुरबारच्या कोरडवाहू तुकड्यावर निघते. ऊसपट्ट्याला त्याच्या आयुष्यातील फक्त कसदार महिने मिळतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला श्रमशक्तीच्या पुनरुत्पादनाचा खर्च दुसरीकडे ढकलणे म्हणतात. टनामागील दर तोच असला तरी बाहेरचा मजूर या अर्थाने स्वस्त पडतो.

कोयता, उचल आणि मुकादम

महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ प्रवरानगर येथील कारखान्याने झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढच्या दोन-तीन दशकांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत कारखाने वाढले आणि त्यांच्यासाठी लागणारे मजूर बीड, जालना, परभणी, तसेच नगर जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगाव अशा दुष्काळी टापूंतून येऊ लागले. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ आणखी वाढवला. बीड जिल्ह्याला 'ऊसतोड कामगारांचा जिल्हा' ही ओळख या प्रवासातून मिळाली.

या व्यवस्थेची भाषा तिचे स्वरूप सांगते. मजुरांची गणना माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. नवरा बुडख्यापासून ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. कामाची वाटणी याहून वेगळीही असते. पण हिशेबात स्त्रीचे स्वतंत्र नाव बहुधा नसते. उचल नवऱ्याच्या नावे, खतावणीतील टनही त्याच्या नावे.

उचल म्हणजे हंगामापूर्वी, पावसाळ्याच्या टंचाईत मिळणारी आगाऊ रक्कम. अलीकडे एका कोयत्याची उचल लाखाच्या आसपास आणि कित्येकदा त्याहून पुढे जाते. ती कारखान्याकडून थेट मजुराच्या हाती येत नाही. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला रक्कम देतो आणि मुकादम आपल्या गावच्या, नात्यातल्या, ओळखीच्या जोड्यांना ती वाटून टोळी बांधतो. या कामाबद्दल मुकादमाला तोडणीच्या रकमेवर कमिशन मिळते. फडावर गेल्यावर दर आठवड्याला खर्ची म्हणून थोडे पैसे मिळतात. तेही उचलीत मिळवले जातात. तोडलेल्या उसाची मजुरी उचलीतून वजा होत जाते आणि पट्टा पडल्यावर हिशेब होतो. फिटली तर सुटका. न फिटल्यास बाकी पुढच्या वर्षावर. ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला चौदा दिवसांच्या आत पैसे मिळावेत अशी तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तोच ऊस तोडणाऱ्याचा हिशेब मात्र पाच-सहा महिन्यांनी होतो, ही बाब विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावी.

आता आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. उचल स्थानिक मजुराला देता येणार नाही काय? देता येईल आणि काही ठिकाणी ती दिलीही जाते; कोल्हापूरकडे स्थानिक टोळ्याही ऊस तोडतात. परंतु मालकाच्या दृष्टीने ती उचल तितकी घट्ट बसत नाही. परगावी आलेल्या जोडीला फडाजवळ पालाची वा पाचटाची कोपी असते. तिला तेथे शेजार नाही, शेत नाही, उधार देणारा वाणी ओळखीचा नाही. काम सोडून जायचे तर शे-दोनशे किलोमीटर जायचे, आणि गेले तरी तो मुकादम गावातलाच असतो. स्थानिक मजुराची गोष्ट निराळी. त्याच्या पाठीशी घर असते, भावकी असते, जवळच्या दुसऱ्या शेतावरचे काम असते. मुलाला ताप आला तर तो घरी थांबतो. भाचीच्या लग्नाला दोन दिवस जातो. मजुरीवरून वाद झाला तर पारावर बसून बोलतो, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याचे मत असते, एखादा पुढारी त्याची बाजूही घेतो. मालक ज्याला 'बेभरवसा' म्हणतो तो पुष्कळदा एवढाच असतो: काम नाकारण्याची थोडीशी ताकद.

रात्रीच्या भरणीचे उदाहरण घेऊ. कारखान्यात रिकामे होऊन ट्रॅक्टर वा ट्रक परत फडावर केव्हा येईल याचा नेम नसतो. रात्री दोन वाजता आला तर दोन वाजता मोळ्या भराव्या लागतात. सकाळपर्यंत ऊस पडून राहिला तर वजन आणि उतारा घटतो. कोपीत झोपलेल्या जोडीला हाक मारली की ती उठते. गावात आपल्या घरी झोपलेल्या माणसाला कोण उठवील? त्याने यावे असे वाटत असेल तर रात्रपाळीचा वेगळा दर ठरवावा लागेल, वेळापत्रक आखावे लागेल. बाहेरच्या मजुरामुळे कारखान्याला वेळापत्रकाशिवाय चोवीस तासांची तयारी मिळते, आणि तिचे वेगळे मोल द्यावे लागत नाही.

ही गोष्ट केवळ उसापुरती नाही. कोकणातील आंबा बागायतदार राखणीसाठी आणि हंगामातील कामांसाठी नेपाळी मजूर ठेवतात, तर त्याच रत्नागिरीतील तरुण मुंबईला चाकरीसाठी जातात. बागेतच राहणारा, रात्री माकडे-वानरे आणि चोर यांवर लक्ष ठेवणारा माणूस बागायतदाराला हवा असतो. ज्याचे घर वाडीत आहे तो संध्याकाळी घरी जातो. उलट, निंदणी-खुरपणीसारख्या कामांत थोडा आगापिछा चालतो. तेथे बहुतांशी गावातल्याच बायका येतात आणि त्यांच्या सोयीने वेळही ठरते. पीक जितके घाईचे तितकी मालकाची नजर गावाबाहेर जाते, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

मजुराचा हिशेब

येथवरचे विवेचन वाचून मजूर केवळ फसलेला, अजाण असा समज होण्याची शक्यता आहे. तसे मानणे चूक ठरेल. अर्थशास्त्रज्ञ मायकेल पिओरी यांनी १९७९ च्या 'बर्ड्स ऑफ पॅसेज' या ग्रंथात औद्योगिक देशांतील स्थलांतरितांविषयी एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. तात्पुरता आलेला मजूर कामाच्या ठिकाणच्या प्रतिष्ठेची मोजपट्टी स्वतःला लावत नाही. त्याची मोजपट्टी मूळ गावात असते. जे काम स्थानिकाला कमीपणाचे वाटते ते त्याला चालते, कारण तेथे तो 'कोणी' म्हणून राहत नसतो. ऊसतोड मजुराला हे बऱ्याच अंशी लागू पडते. उचलीतून त्याने मुलीचे लग्न केलेले असते, विहिरीचे काम काढलेले असते, दवाखान्याचे बिल भागवलेले असते. एकरकमी एवढा पैसा, तोही तारणाशिवाय, त्याला बँक देत नाही. वाढे विकून रोजच्या मीठमिरचीचे पैसे सुटतात. कोपीतील सहा महिने तो गावातील उरलेल्या सहा महिन्यांसाठी सोसत असतो.

म्हणजे मालकाची पसंती आणि मजुराची गरज एकमेकींत गुंतलेल्या आहेत. तथापि दोघांची निवड सारख्या वजनाची नाही. एकाला मजूर बदलता येतो. दुसऱ्याला बहुधा कारखाना बदलता येतो, व्यवस्था बदलता येत नाही.

पसंतीची किंमत

'जो खाडा करत नाही तो चांगला मजूर' ही कसोटी शरीरावर काय परिणाम करते याचे एक उदाहरण अलीकडे फार चर्चिले गेले. कामावर न जाणे म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. मासिक पाळीचे दुखणे, अंगावर जाणे, बाळंतपण, कशालाही या हिशेबात जागा नाही. बीड जिल्ह्यातील तोडणी करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे उघड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. यामागे आरोग्यसेवेतील गैरप्रकार, अपुरी माहिती, लहान वयातील लग्ने व बाळंतपणे अशी अनेक कारणे आहेत आणि सारा दोष एका खाड्यावर टाकता येणार नाही. परंतु ज्या कामात दुखणे म्हणजे दंड असतो तेथे दुखण्याचे मूळच काढून टाकण्याचा सल्ला पटकन पटतो, हे नाकारता येत नाही. पूर्ण कोयता होण्यासाठी जोडी लागते आणि लहान वयातच लग्न उरकले जाते, हाही याच मागणीचा दूरचा पण खरा परिणाम होय.

मुलांची शाळा हा असाच दुसरा विषय. साखरशाळा आणि गावातील हंगामी वसतिगृहे हे त्यावरील उपाय. दोन्हींचा उपयोग झाला आहे आणि दोन्ही अपुरे पडले आहेत.

कायद्याकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात सक्तीने काम करून घेणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला. पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडची टोळी कर्नाटकातील बेळगावला गेली तर ती त्याच्या कक्षेत, कोल्हापूरला गेली तर बाहेर. दोन्हीकडे कोपी तीच, उचल तीच. शिवाय, मालक कोण, हा प्रश्न राहतोच. शेतकरी म्हणतो, टोळी कारखान्याची आहे. कारखाना म्हणतो, करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो, आणि मुकादम स्वतः कालपर्यंत कोयता चालवत असतो. बाहेरच्या मजुराला पसंती देताना मालकाला ही लांबलचक साखळीही मिळते, जिच्यात त्याची जबाबदारी पातळ होत जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते साखळीचा हा लाभ मजुराच्या कष्टाळूपणाच्या लाभाइतकाच मोठा आहे. त्याची कबुली मात्र कोणी देत नाही.

सौद्यातील बदल

ही पसंती मालकालाही नेहमी सुखाची पडते असे नाही. उचल घेऊन टोळी आलीच नाही, एकाच मुकादमाने दोन-तीन वाहतूकदारांकडून पैसे उचलले, अशा तक्रारी दर हंगामात होतात. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार यात पार बुडतो. फडात टोळी लवकर यावी म्हणून शेतकऱ्याला 'खुशाली' द्यावी लागते; आधीच तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या उसाच्या किमतीतून वजा झालेला असतो. दुसरीकडे मजुरांच्या संघटनांनी संप करून दर वाढवून घेतले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून निधी घेऊन ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळही स्थापन झाले आहे. परका, एकाकी म्हणून निवडलेला मजूर संघटित होऊन दर मागू लागला, की त्याला निवडण्याची मूळ कारणे दुबळी होऊ लागतात.

नेमक्या याच काळात तोडणी यंत्रांचा वापर वाढला आहे आणि शासन त्यांच्या खरेदीला अनुदान देत आहे. यंत्राला रुंद सऱ्या आणि सलग मोठे क्षेत्र लागते; गुंठ्या-गुंठ्यांच्या फडात, पडलेल्या उसात, पावसाने ओल्या झालेल्या रानात ते चालत नाही. तेथे पुढील काही वर्षे कोयताच लागेल, आणि तो बहुधा अधिक दूरच्या, अधिक गरजू टापूतून येईल. मराठवाड्यातील ज्या कुटुंबांची मुले शिकून बाहेर पडली त्यांची जागा कोण घेत आहे, हे पाहण्यासाठी आपल्या जवळच्या कारखान्याच्या परिसरातील एखाद्या तळावर जावे. क्षेत्रकार्य म्हणून तेथील तीन व्यक्तींशी स्वतंत्रपणे बोला: एक तोडणी करणारी स्त्री, एक मुकादम आणि शेजारच्या गावातील एक शेतमजूर. पहिलीला विचारा, खतावणीत तिचे नाव आहे का. दुसऱ्याला विचारा, जोडी निवडताना तो काय पाहतो. तिसऱ्याला विचारा, त्याने शेवटचा ऊस केव्हा तोडला आणि पुन्हा का तोडला नाही. उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.